खारेपाटातील गोडे पाणी



पेण आणि रोहा या दोन तालुक्यांत पाऊस किती पडतो, हे तुम्हाला मी सांगायला नको. सरासरीने वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास, म्हणजे उभ्या माणसाच्या डोक्यावरून वर आणखी तीन हात पाणी जाईल इतका. पुण्याच्या पलीकडे, माणदेशात, याच्या पाचव्या-सहाव्या हिश्शाच्या पावसावर लोक वर्ष काढतात. आणि आपल्याकडे? जूनमध्ये ज्या घराच्या पडवीपर्यंत पाणी येते, त्याच घरची बाई एप्रिलमध्ये रिकामा हंडा घेऊन टँकरची वाट पाहत बसते. पेणच्या वाशी-शिर्कीकडच्या खारेपाटात राहणाऱ्यांना हे कोडे नवीन नाही. नवीन नाही म्हणूनच की काय, ते सोडवायला आपण फारसे बसत नाही. आज थोडे बसू या.

आधी आपली भूमी डोळ्यांपुढे आणा. पूर्वेला सह्याद्री. त्याच्या उतारावरून अंबा नदी पाली, नागोठण्यावरून धरमतरच्या खाडीकडे येते, आणि कुंडलिका कोलाड, रोह्यावरून रेवदंड्याच्या खाडीला मिळते. डोंगर आणि खाडी यांच्यामध्ये तीन पट्टे आहेत. डोंगराच्या पायथ्याचा वरकस आणि माळ हा पहिला. त्याखाली गोड्या भाताची जमीन हा दुसरा. आणि सर्वांत खाली, भरतीच्या पाण्याच्या पातळीला किंवा तिच्याही खाली असलेला खारेपाट हा तिसरा. पाणी कुठले गोडे आणि कुठले मचूळ, हे बहुतांशी या तीन पट्ट्यांवरून ठरते. म्हणून विहीर खणण्यापूर्वी पाणाड्याला विचाराल तर विचारा, पण आपण कोणत्या पट्ट्यात उभे आहोत हे स्वतःला आधी विचारा.

आता जमिनीच्या पोटात काय चालते ते पाहू. याला मोठी उपकरणे लागत नाहीत. एक काचेचा पेला घ्या. अर्धा पेला पाण्यात तीन-चार चमचे मीठ विरघळवा आणि त्यात थोडी हळद किंवा शाईचे दोन थेंब टाका. आता पेल्यात एक चमचा पालथा धरून त्याच्या पाठीवरून साधे पाणी अगदी सावकाश ओता. ते खाली मिसळत नाही, वर तरंगते. रंगीत पाणी खाली, स्वच्छ पाणी वर. जशी दुधावर साय. आता एक नळी वरच्या थरात बुडवून हळूच पाणी ओढा. थोडे थोडे ओढलेत तर बराच वेळ स्वच्छ पाणी येते. जोराने ओढलेत की खालचा रंग नळीच्या तोंडाशी उसळून येतो. शिक्षक मित्रांनी हा प्रयोग वर्गात जरूर करावा. खाडीकाठच्या विहिरीचे सगळे शास्त्र या पेल्यात आहे.

गोडे पाणी तरंगते, कारण ते हलके आहे. एक लिटर गोडे पाणी एक किलो भरते, तर समुद्राचे एक लिटर पाणी साधारण पंचवीस ग्रॅमने जास्त भरते. फरक चाळिसात एकाचा. त्यावरून एक सोपा हिशेब निघतो. तो एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस हॉलंडमधील घायबेन आणि १९०१ मध्ये जर्मनीतील हेर्झबर्ग यांनी स्वतंत्रपणे मांडला, म्हणून त्या दोघांच्या नावाने तो ओळखला जातो. विहिरीतील पाण्याची पातळी समुद्राच्या पातळीपेक्षा एक हात वर असेल, तर समुद्रपातळीखाली सुमारे चाळीस हात गोडे पाणी आहे असे समजावे. हे ऐकून बरे वाटते. पण हिशेब उलटाही चालतो. वरची पातळी उपशाने एक हात उतरली आणि तशीच राहिली, तर खालचे खारे पाणी हळूहळू चाळीस हात वर चढू लागते. वरचा तोटा दिसतो एक हाताचा, खालचा असतो चाळीस हातांचा. आणि खालचा आपल्याला दिसत नाही.

या हिशेबाचे सर्वांत स्पष्ट रूप पाहायचे तर अरबी समुद्रातील लक्षद्वीपला जावे. कवरत्ती, आगत्ती, अमिनी ही बेटे पोवळ्याची, म्हणजे समुद्रातल्या बारीक जिवांच्या चुनखडी सांगाड्यांची बनलेली. तिथे नदी नाही, डोंगर नाही, धरणाला जागा नाही. पावसाचे पाणी वाळूत मुरते आणि भिंगाच्या आकाराचा गोड्या पाण्याचा थर खाऱ्या पाण्यावर तरंगत राहतो. मध्ये जाड, कडेला पातळ. माणसे, गुरे आणि नारळाची झाडे त्याच एका थरावर जगतात. उथळ विहिरीतून हाताने पाणी शेंदत होते तोवर हे ठीक चालले. वस्ती वाढली, पंप आले, शोषखड्ड्यांचे पाणी विहिरीत झिरपू लागले, आणि पाणी मचूळ व दूषित होऊ लागले. अखेर २००५ साली कवरत्तीला समुद्राचे पाणी गोडे करणारे, दिवसाला एक लाख लिटर क्षमतेचे यंत्र बसवावे लागले. यंत्राचे पाणी पिण्यापुरते पुरते. त्यावर शेती करणे कोणालाच परवडणारे नाही.

तुम्ही म्हणाल, आमचे रोहा-पेण काही बेट नव्हे, आणि आमच्याकडे पोवळे नाही, काळा कातळ आहे. खरे आहे. कातळातले पाणी वाळूसारखे सगळीकडे सारखे पसरत नाही, ते भेगांतून वाहते. म्हणून चाळिसाचा हिशेब आपल्याकडे तंतोतंत लागू होत नाही. कधी खाडीपासून शंभर पावलांवरची विहीर गोडी असते आणि अर्ध्या कोसावरची खारी. पण तत्त्व तेच आहे: गोडे वर, खारे खाली, आणि मध्ये कुठलाही पडदा नाही.

याचा दाखला माझ्या घरचाच आहे. माझ्या आत्याचे घर खाडीच्या वरच्या अंगाला, टेकडीच्या पायथ्याशी. लहानपणी आम्ही मे महिन्याच्या सुटीत तिथे जात असू. विहीर जेमतेम वीस फूट खोल, पण पाणी शहाळ्यासारखे. आजूबाजूच्या दहा-बारा घरांचे त्यावर भागे. पुढे माझ्या आतेभावाने विहिरीवर पंप बसवला आणि खालच्या तुकड्यात भाजीपाला लावला. दोन वर्षे पीक झकास आले, गावात कौतुक झाले. आत्या मात्र म्हणायची, "अरे, विहिरीला रात्रीची झोप तरी लागू दे." आम्ही हसलो. तिसऱ्या वर्षी मार्चमध्ये वरणाला मीठ कमी घालावे लागू लागले. डाळ शिजेना, साबणाला फेस येईना. तेव्हा भावाने काय करावे? विहीर आणखी दहा फूट खोल केली! म्हणजे पेल्यातली नळी त्याने रंगीत पाण्यात नेऊन बुडवली. त्या वर्षी भाजी करपली आणि शेजारच्या दहा घरांना पाण्यासाठी मैलभर चालावे लागले. पंप काढला, विहीर पुन्हा बुजवून उथळ केली, तरी पाणी पूर्ववत व्हायला पाच पावसाळे गेले. आत्या ते पाणी प्यायला राहिली नाही. यात माझ्या भावाचा लोभ नव्हता, अज्ञान होते. आणि मी तेव्हा महाविद्यालयात भूगोल शिकत होतो. मीही त्याला काही सांगितले नाही, कारण पुस्तकातला तो धडा आणि घरची विहीर यांची सांगड मला घालता आली नाही.

आता तिसऱ्या पट्ट्याकडे, खुद्द खारेपाटाकडे वळू. इथली गोष्ट थोडी निराळी. ही जमीन आपल्या पूर्वजांनी समुद्राकडून मागून घेतलेली आहे. खाजणाभोवती मातीचा बांध घातला, त्यात उघाडी बसवली. उघाडीचे दार असे की ओहोटीला आतले पाणी बाहेर जाईल, पण भरतीला बाहेरचे पाणी आत येणार नाही. बांधाच्या दुरुस्तीसाठी प्रत्येक शेतकऱ्याने ठराविक माप भात द्यायचे, ही शिलोत्रीची जुनी पद्धत. पुढे १९४८ साली मुंबई राज्याचा आणि १९७९ साली महाराष्ट्राचा खारभूमीविषयक कायदा झाला, आणि बांधांची जबाबदारी मोठ्या प्रमाणावर सरकारकडे आली. सोय झाली, पण गावाची नजर बांधावरून उठली, हेही खरे. पूर्वी खेकड्याने पाडलेले भोक दिसले की चार माणसे चिखल घेऊन धावत. आता अर्ज जातो. अर्ज पोचेपर्यंत उधाण येते, बांधाला खांड पडते, आणि एका रात्रीच्या खाऱ्या पाण्याने दोन-तीन वर्षांचे पीक जाते.

या जमिनीखाली पूर्वीच्या समुद्राचे मीठ साठलेले आहे. पावसाळ्यात वरून गोडे पाणी दाबून बसते, तोवर मीठ खाली राहते. पाऊस संपला, ऊन तापले, की दिव्याची वात जशी तेल वर ओढते तशी चिकण माती खालचे खारे पाणी वर ओढते. पाणी उडून जाते, मीठ मागे राहते. मार्च-एप्रिलात जमिनीवर पांढरा फुलोरा दिसतो तो हा. म्हणून आपले जुने शेतकरी पहिल्या पावसाचे पाणी शेतात कोंडून, मीठ विरघळले की ते उघाडीतून सोडून देत. मीठ उतरल्यावर मोड आणलेले बी फेकत, ज्याला आपण रहू म्हणतो. आणि बीही असेतसे नव्हे. काळा राता, भुरा राता यांसारखे खारवट जमिनीत तगणारे तांबडे भात. या वाणांच्या निवडी पुढे संशोधकांनी केल्या. पनवेलच्या खारभूमी संशोधन केंद्रातून 'पनवेल १', 'पनवेल २', 'पनवेल ३' हे वाण निघाले. म्हणजे खारेपाटाचे शास्त्र आधी बांधावर जन्मले, मग प्रयोगशाळेत गेले.

पाणी खारे आहे हे जिभेला कळते, पण किती खारे हे मोजावे लागते. समुद्राच्या एका लिटरमध्ये सुमारे ३५ ग्रॅम क्षार असतात. पिण्याच्या पाण्यात ते अर्ध्या ग्रॅमपर्यंत असावेत असे भारतीय मानक सांगते. दुसरा उद्भवच नसेल तर दोन ग्रॅमपर्यंत चालवून घेतले जाते. शेतीचे काय? समजा, तुमच्या विहिरीच्या पाण्यात लिटरला एक ग्रॅम क्षार आहेत. तोंडाला ते नुसते मचूळ लागेल. पण एक एकराला चार इंच पाणी दिलेत म्हणजे सुमारे चार लाख लिटर पाणी दिलेत, आणि त्याबरोबर चारशे किलो क्षार. हंगामात अशी आठ पाणी दिलीत तर बत्तीसशे किलो. आठ बैलगाड्या भरून मीठ कोणी आपल्या शेतात टाकील का? पण पाण्यातून आपण ते टाकतो आणि ते दिसत नाही. मीठ वाढले की मुळांना पाणी ओढता येत नाही, ओल असूनही रोप सुकते. त्यात सोडियम जास्त असेल तर चिकण माती ओली असता लोण्यासारखी आणि वाळली असता विटेसारखी होते.

सुदैवाने आपल्यापाशी एक मोठा धोबी आहे. तो म्हणजे पाऊस. तीन हजार मिलिमीटर पाऊस हे मीठ धुऊन नेऊ शकतो, पण एका अटीवर: धुतलेले पाणी बाहेर जायला वाट हवी. उघाडी गाळाने बंद, ओढा भरावाने बुजलेला, नव्या रस्त्याला मोरी नाही, अशी स्थिती असेल तर मीठ जागच्या जागी घोटाळत राहते. म्हणून मी म्हणतो, खारेपाटात पाणी आणण्याइतकेच पाणी काढण्याला महत्त्व आहे.

मग बागायत करायचीच नाही का? करायची, पण कुठल्या पाण्यावर ते पाहून. रोहा तालुक्याचेच उदाहरण घ्या. मुळशीला अडवलेले पाणी खरे म्हणजे पूर्वेकडे भीमेला आणि पुढे बंगालच्या उपसागराला जायचे. ते घाटाखाली उतरवून भिऱ्याला टाटांचे वीजघर १९२७ साली सुरू झाले. त्या धरणासाठी मावळच्या शेतकऱ्यांच्या जमिनी गेल्या, सेनापती बापटांनी सत्याग्रह केला, हेही आपण विसरू नये. वीज करून सुटलेले पाणी कुंडलिकेत येते. कोलाडजवळ डोलवहाळच्या बंधाऱ्याने ते अडवून कालव्यांतून रोहा आणि माणगाव तालुक्यांत फिरवले, म्हणून तिथे उन्हाळी भात उभे राहते. हे डोंगरावरचे गोडे पाणी आहे, त्यात क्षार नगण्य. विहिरीवरचा भार हलका करायचा तर असे वरचे पाणीच उपयोगी.

पण कालव्याच्या पाण्यालाही शिस्त हवी. पाणी फुकटासारखे मिळाले की आपण शेत तुडुंब ठेवतो. त्याने खालच्या चढलेल्या पातळीला खारे पाणी येऊन भिडते आणि शेजारच्या सखल शेतात मीठ फुलते. दुसरी गोष्ट, नदीत गोडे पाणी खालपर्यंत वाहत राहिले तरच भरतीचे पाणी खाली थोपते. वर सगळे अडवले की खाडी नदीत वर चढते. आणि नदीत कारखान्यांचे वा गावांचे सांडपाणी गेले, तर गोडे पाणीही कामाचे राहत नाही. पेणकडे हेटवणे धरणाचे पाणी नवी मुंबईला जाते. शहरालाही तहान असते, त्याबद्दल तक्रार नाही. पण ज्या तालुक्यात धरण आहे, त्याच तालुक्याच्या खारेपाटातील हंडा भरल्याशिवाय पाण्याचा हिशेब पुरा झाला असे कोणी म्हणू नये.

आता आपल्या हातातल्या चार गोष्टी सांगतो.

पहिली, खाडीच्या बाजूला खोल विंधन विहीर घेऊ नका. उथळ, रुंद विहीर घ्या, आणि शक्य तितकी डोंगराच्या अंगाला. सायीवरची साय काढायची आहे, तळाशी जायचे नाही.

दुसरी, उपसा थोडा थोडा करा. सलग सहा तास पंप चालवण्यापेक्षा सकाळी एक तास, संध्याकाळी एक तास बरा. विहिरीला झोप लागू द्या. पाणी मचूळ लागताच उपसा थांबवा, विहीर खोल करू नका.

तिसरी, गावतळे हे खारेपाटातले खरे धरण. त्याचा गाळ काढा, गुरे धुण्याची जागा वेगळी ठेवा, काठ उंच करा म्हणजे उधाणाचे पाणी आत येणार नाही. घराच्या पन्हाळीचे पाणी टाकीत साठवा. डोंगर-उतारावर झाडी राखा आणि ओढ्यांना छोटे बांध घाला, म्हणजे पाऊस खाडीला धावत न जाता चालत जाईल.

चौथी, पीक पाहून पाणी नव्हे, पाणी पाहून पीक. भातामागून अंगच्या ओलीवर येणारा वाल हे आपल्याकडचे फार शहाणे पीक आहे. त्याला पाट लागत नाही. पोपटी खाताना याचाही विचार करावा. जिथे थोडे पाणी द्यायचेच आहे तिथे आळी करून, पेंढ्याचे आच्छादन घालून द्या. आच्छादनाने ऊन अडते आणि खालचे मीठ वर येत नाही. जिप्सम घालायचे असेल तर आधी मातीची तपासणी करून घ्या, कारण प्रत्येक खारवट जमिनीला ते लागतेच असे नाही. आणि बांधाबाहेरची तिवरे तोडू नका. लाटेचा पहिला तडाखा ती झेलतात, बांध दुसरा.

शिक्षक मित्रांना एक विनंती आहे. शाळेची एक वही करा. गावातल्या चार-पाच विहिरी निवडा. दर पंधरवड्याला मुलांनी दोरीने पाण्याची पातळी मोजावी, क्षार मोजण्याचे लहानसे यंत्र शाळेने घेतल्यास क्षारही मोजावेत, आणि तारीख घालून लिहून ठेवावे. यंत्र नसेल तर पाणी सरकारी प्रयोगशाळेत तपासून आणावे. उपशाच्या आधी आणि नंतर, पावसाच्या आधी आणि नंतर. दहा वर्षांनी ती वही गावाच्या सातबाऱ्याइतकी मोलाची होईल. समुद्राची पातळी जगभर वर्षाला तीन-चार मिलिमीटरने चढत आहे. आकडा लहान आहे, पण वर सांगितलेला चाळिसाचा हिशेब आठवा. ज्या गावापाशी अशी वही असेल, त्याला धोका आधी कळेल. इतरांना तो जिभेवर कळेल, आणि तोवर उशीर झालेला असेल.

मंडळी, खारेपाट आपल्या आज्या-पणज्यांनी चिखलात उभे राहून मिळवला. बांध राखणे हे त्यांनी आपले काम मानले. आपल्या वाट्याला आलेला बांध जमिनीखालचा आहे, डोळ्यांना न दिसणारा. तोही चौघांनी मिळूनच राखावा लागेल, कारण विहिरी वेगवेगळ्या असल्या तरी खालचे पाणी एकच आहे. माझ्या आतेभावाला जे मी वेळेवर सांगितले नाही, ते आज तुम्हाला सांगितले. तुमच्यापैकी कोणी एकाने आज संध्याकाळी आपला पंप एक तास आधी बंद केला, तरी हे बोलणे सार्थकी लागले असे मी समजेन.